निवेदक हसला की विनोद फसला

अमेरिकेत अंध वाचकांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं तयार व्हायला लागली ती १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम १५ मिनिटांचं वाचन मावायचं, त्यामुळे एकेका पुस्तकाला तबकड्यांचा ढीग लागायचा. त्या सुरुवातीच्या मुद्रणांत बायबल, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि शेक्सपिअर असणं साहजिक होतं. पण त्यांच्याच जोडीला पी. जी. वुडहाउस हा अस्सल विनोदी लेखकही होता. म्हणजे विनोदी पुस्तक कानांनी वाचण्याची हौस ऑडिओबुकइतकीच जुनी आहे. लेखकाने कागदावर तोलूनमापून मांडलेला विनोद तिसऱ्याच माणसाच्या गळ्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याचं काय होतं, हा प्रश्नही तेवढाच जुना.

ऑडिओबुकं ऐकणाऱ्यांना याचा अनुभव असतो. छापील वाचताना गालातल्या गालात हसवणारं पुस्तक ऐकताना पोट धरून हसवतं, आणि वाचताना धमाल वाटलेलं दुसरं एखादं ऐकताना दहाव्या मिनिटाला बंद करावंसं वाटतं. शब्द तेच, क्रमही तोच, बदललेला असतो फक्त आवाज. हा आवाज काय करतो याबद्दल मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि मेंदूविज्ञान यांनी बरंच काही शोधून काढलं आहे.

मुळात मनातल्या मनात वाचणं पूर्णपणे मूक नसतंच. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोक गोष्टी मनात वाचत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. गोष्टीतलं पात्र थेट बोलत असेल, म्हणजे ‘ती म्हणाली, “मी मुळीच येणार नाही!”’ असं वाक्य असेल, तर माणसांचे आवाज ओळखणारा श्रवणकेंद्रातला भाग जास्त सक्रिय होत होता. तोच मजकूर ‘ती येणार नसल्याचं तिने सांगितलं’ असा असेल, तर तितका नाही. म्हणजे संवाद वाचताना आपण पात्रांना आवाज देत असतो, कानावर काहीही पडत नसताना.

याच गटाचा पुढच्या वर्षीचा प्रयोग मला आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त मोलाचा वाटतो. या वेळी लोकांना संवाद ऐकवले, पण मुद्दाम एकसुरी, सपाट आवाजात. तेव्हा आवाज ओळखणाऱ्या त्याच भागात जादा हालचाल दिसली. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की कानावर पडणारा सपाट संवाद मेंदूला पटत नाही आणि तो त्यावर आपला जिवंत आवाज चढवत बसतो. तासन्‌तास असं दुहेरी काम करायला लागलं तर श्रोता थकणारच. कंटाळवाण्या निवेदकाचं पुस्तक ऐकताना येणारा शीण यातूनच येत असावा, असं मला वाटतं.

मग निवेदकाने खूप नाट्यपूर्ण वाचावं का? इथे विनोदी साहित्याचा मामला वेगळा होतो. हे वाक्य बघा:

‘दिगंबरराव अत्यंत नम्र होते, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.’

वाक्याचा पहिला भाग सरळसरळ स्तुती आहे. दुसऱ्या भागात शेवटचं क्रियापद येईपर्यंत ती स्तुतीच राहते, आणि ‘सांगत’ कानावर पडताच सगळी उलटते. आता हे वाक्य तीन निवेदकांना द्या. पहिला ‘अत्यंत’ लांबवतो आणि ‘नम्र’ म्हणताना आवाजात खट्याळपणा आणतो. झालं, दिगंबरराव नम्र नाहीत हे आपल्याला वाक्याच्या मध्यावरच कळलं, पुढचं फक्त पुरावा म्हणून उरलं. दुसरा ‘नम्र होते’पर्यंत नीट जातो, मग मोठा विराम घेतो आणि ‘सांगत’वर जोर देतो. त्याने विनोदावर बोट ठेवून दाखवलं. तिसरा अख्खं वाक्य एखाद्या सत्कार समारंभातल्या परिचयासारखं वाचतो, मनापासून, आदराने, शेवटी आवाज जिथे सहज खाली यावा तिथेच आणून. विसंगती त्याच्या ध्यानीमनी नाही. ती ध्यानात आली ती तुमच्या, आणि म्हणून हसलात तुम्ही.

यामागची यंत्रणा बऱ्यापैकी ठाऊक आहे. जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये विनोद समजण्याच्या दोन पायऱ्या मांडल्या: आधी अपेक्षाभंग, मग त्या विसंगतीचा उलगडा. अपेक्षाभंग व्हायचा तर आधी अपेक्षा पक्की बसायला हवी. आपण ऐकताना पुढच्या शब्दांचा अंदाज सतत बांधत असतो. अंदाजात न बसणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरींत एक ठरावीक बदल दिसतो. मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये तो नोंदवला. निवेदकाचा सूर हाही या अंदाजाचा कच्चा माल असतो. सुरातून शेवट फुटला तर अपेक्षा बसतच नाही, मग भंग कशाचा होणार?

छापील पानाचीही इथे एक अडचण आहे. इंग्रजी वाचताना नजर जिथे टेकलेली असते त्याच्या पुढची चौदा-पंधरा अक्षरं डोळा चाचपत असतो. शिवाय परिच्छेद कुठे संपतो, खाली संवाद आहे की नाही, उद्गारचिन्ह कुठे उभं आहे, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतच असतं. ऐकणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. पुढचा शब्द उच्चारला जाईपर्यंत तो अस्तित्वातच नसतो. म्हणजे आश्चर्य राखण्याच्या बाबतीत ऑडिओबुक कागदाच्या पुढे आहे. ही आघाडी घालवू शकतो तो एकटा निवेदक, आणि पुष्कळदा ती जाते एका छोट्याशा गोष्टीमुळे: तो वाचताना हसतो.

हसू ऐकू येतं. व्हिव्हियन टार्टर यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं, की माणूस स्मित करत बोलला तर न बघताही ते ओळखता येतं. ओठ ताणले गेल्याने घसा ते ओठ ही पोकळी किंचित आखूड होते आणि आवाजातल्या अनुनादाच्या वारंवारता वर सरकतात. पुढे काय आहे हे निवेदकाला माहीत असतं, त्याला त्या वाक्याची मजा येत असते, त्याच्या ओठांचे कोपरे वळतात आणि माइक ते टिपतो. त्याचा आनंद खराच असतो, पण तो दोन सेकंद आधी आपल्यापर्यंत पोचतो. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये गोष्ट सांगण्याच्या कलेवर लिहिताना हेच सांगितलं होतं, की आपण सांगतोय त्यात हसण्यासारखं काही आहे याचा सांगणाऱ्याला जणू पत्ताच नसावा. चांगले विनोदी निवेदक स्टुडिओत हे शब्दशः पाळतात.

इथे दोन गोष्टींची गल्लत मात्र होऊ देता कामा नये. गंभीर आवाज म्हणजे सपाट आवाज नव्हे. ग्लासगोचा प्रयोग सांगतो की संवादात जीव हवा, आणि विनोदाचं गणित सांगतं की निवेदनाने काही फोडू नये. म्हणून उत्तम विनोदी वाचनात पात्रं बेभान असतात आणि कथा सांगणारा शांत. पात्र चिडतं, रडतं, बढाया मारतं, सगळं खरंखुरं. त्याच्या दृष्टीने प्रसंग गंभीरच असतो. पात्राचा आवाज ‘मी विनोदी पात्र आहे’ असं ओरडायला लागला की ते व्यंगचित्र होतं, आणि व्यंगचित्राचा आवाज चौथ्या प्रकरणापर्यंत कान सहन करत नाही.

प्रथमपुरुषी कादंबरीत तर हे फारच नाजूक होतं, कारण कथा सांगणारा स्वतःच पात्र असतो. स्वतःला चतुर समजणारा, वाचकाला मात्र केव्हाच कळून चुकलेला असा नायक आवाजात उभा करायचा तर निवेदकाला त्याची बाजू मनापासून घ्यावी लागते. नायकाकडे तो वरून बघायला लागला तर श्रोत्याला बघायला जागाच उरत नाही.

आता ‘टायमिंग’. विनोद म्हटला की हा शब्द पहिला येतो, आणि त्याचा अर्थ ‘शेवटच्या ओळीआधी घेतलेला विराम’ असा सर्रास धरला जातो. साल्वातोर अतार्दो आणि लुसी पिकरिंग यांनी लोक विनोद सांगतात तेव्हा आवाजात काय बदलतं याची मोजदाद केली. त्यांचा याविषयीचा लेख २०११ मध्ये आला. शेवटच्या ओळीआधी ठळक विराम सापडला नाही. ती ओळ मोठ्याने म्हटलेली नव्हती, वेगही वेगळा नव्हता. उलट त्यांच्या आधीच्या अभ्यासात तिथे आवाजाची पट्टी खाली आलेली दिसली होती, जशी ती कुठलंही निवेदन संपताना येते. दिगंबररावांचा तिसरा निवेदक नेमकं हेच करतो.

हा अभ्यास साध्या सांगणाऱ्यांचा होता, व्यासपीठावरच्या मुरलेल्या कलाकारांचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. ट्वेन स्वतः विरामाला फार महत्त्व देई. पण व्यासपीठावर समोर माणसं असतात. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून स्वतःच्या पुस्तकांची तिकीट लावून अभिवाचनं करायचा. त्यासाठीच्या प्रती त्याने खास तयार केल्या होत्या: मजकूर कापलेला, शब्द अधोरेखित, समासात आवाजाच्या आणि हावभावांच्या सूचना. त्याच्या ‘पिकविक’ कादंबरीतला कोर्टाचा प्रसंग वाचताना हशा पिकला की थांबता यायचं आणि ओसरू लागला की पुढची ओळ टाकता यायची. ऑडिओबुकचा निवेदक बंद खोलीत एकटा बसलेला असतो. त्याला हशाची वाट बघता येत नाही, आणि बघितलीच तर ती पोकळी कानाला खुपते. माणसांच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात, हे जगभरच्या दहा भाषांच्या अभ्यासातून २००९ मध्ये पुढे आलं. इतक्या लहान फटीची सवय असलेल्या कानाला एक सेकंदाची शांतता अर्थपूर्ण वाटते. विनोद होऊन गेल्यावर अर्धा-पाऊण सेकंद जागा ठेवली की उलगडा व्हायला वाव मिळतो. माझ्या मते निवेदकाचं टायमिंग जास्त करून या नंतरच्या जागेत असतं.

ध्वनिमुद्रणाची पद्धतही आड येते. वाचताना चूक झाली की काही सेकंद मागे जाऊन, आधीचा तुकडा कानात ऐकत, त्याच बिंदूपासून पुन्हा वाचायचं, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. माहितीपर पुस्तकाला ती छान चालते. विनोदी वाक्य मात्र मधे तुटलं की दुसऱ्या तुकड्यात निवेदक ‘आता येतंय बरं का’ अशा तयारीने उतरतो आणि सांधा ऐकू येतो. अशी वाक्यं पहिल्या शब्दापासून पुन्हा घेणारे निवेदक मला जास्त विश्वासाचे वाटतात.

उपरोधाला प्रत्येक भाषेचा आपला सूर असतो. हेन्री चँग आणि मार्क पेल यांना इंग्रजीत उपरोधाने बोलणाऱ्यांच्या आवाजाची सरासरी पट्टी खाली गेलेली आढळली, आणि कँटनीज या चिनी भाषेत वर. म्हणून अनुवादित विनोदी कादंबरीचा निवेदक अनुवादाच्या भाषेतच वाढलेला हवा. केवळ कागदावर चालणारे विनोद, म्हणजे चुकीचं शुद्धलेखन, मोठ्या टायपातला शब्द, तळटीप, यांचं निवेदकाला फारसं काही करता येत नाही. तळटीप वाक्याच्या मधेच वाचली तर वाक्य मरतं, प्रकरणाच्या शेवटी वाचली तर टीप मरते.

ऑडिओबुक आपण बहुधा एकट्याने ऐकतो, याचाही परिणाम होतो. रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणांनुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. लंडनमध्ये सोफी स्कॉट यांच्या गटाने २०१९ मध्ये ४० सुमार विनोद लोकांना ऐकवले. मागे हशा जोडला की तेच विनोद जास्त मजेदार ठरले, आणि आपसूक आलेल्या हशाने मुद्दाम काढलेल्या हशापेक्षा जास्त गुण मिळवून दिले. म्हणून कादंबरीमागे हशा लावावा, असं कुणी सुचवलं तर मी विरोध करीन. ते सुटे विनोद होते. कादंबरीतला विनोद पात्रांच्या ओळखीवर पोसला जातो, आणि तिथे सोबत करतो तो परिचित झालेला आवाज. लिन नायगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की ओळखीच्या झालेल्या आवाजातले शब्द गोंगाटातही जास्त नीट कळतात. आठ तास एकच निवेदक ऐकल्यावर एखाद्या पात्राने नुसतं ‘हं’ केलं तरी हसू फुटतं, त्यात या ओळखीचा वाटा असणार.

श्रोत्याच्या हातातही थोडं आहे. २०१३ च्या एका अभ्यासात मजकूर स्वतः वाचणाऱ्यांपेक्षा नुसता ऐकणाऱ्यांचं मन जास्त भरकटलं होतं. माहितीपर पुस्तकात एखादं वाक्य निसटलं तर मागे जाऊन ऐकता येतं. विनोदात निसटलेलं वाक्य पूर्वतयारीचं असेल तर मागे जाईपर्यंत शेवट कळलेला असतो. दुसरा धोका वेगाचा. दीडपट वेगावर शब्द कळतात, पण पाऊण सेकंदाची जागा अर्ध्या सेकंदावर येते. शांतता आपोआप गाळणारी सोय चालू असेल तर ती जवळपास नाहीशीच होते, म्हणजे निवेदकाने सर्वांत जपून ठेवलेली गोष्ट ॲप कचरा समजून काढून टाकतं. विनोदी पुस्तक लावताना आधी ती सोय बंद करावी, वेग मूळचा ठेवावा, आणि आवाज रुळायला निवेदकाला निदान एक प्रकरण द्यावं.