अतिविचार आणि मन शांत करण्याच्या रोजच्या रीती (सोलापूर परिसर)

अतिविचार म्हणजे घडून गेलेली गोष्ट उगाळत राहणे किंवा पुढच्या गोष्टीची धास्ती घेत बसणे, आणि एवढे करून कोणताच निर्णय हाती न लागणे. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. चिंताविकार व नैराश्य यांत मात्र तो ठळकपणे आढळतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. उकाड्याने झोप मोडली की डोक्यातला भुंगा हमखास जागा होतो.

‘विचार करू नकोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला बहुधा फसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितले. त्यांना ते अस्वल आठवतच राहिले, आणि मनाई उठल्यावर अधिकच आठवले. म्हणून उपयोगी पडणाऱ्या रीती विचाराला हाकलत नाहीत. त्या लक्षाला दुसरे काम देतात किंवा काळजीला वेळ ठरवून देतात. टॉमस बोर्कोवेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत दुसऱ्या प्रकारची आहे : दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखायचा, एरवी मनात आलेले त्या वेळेसाठी बाजूला ठेवायचे. झोपण्यापूर्वी उद्याची कामे कागदावर उतरवणे हा याचाच सोपा अवतार. श्वास मिनिटाला साधारण सहावर आणून उच्छ्वास लांबवला की हृदयाची गतीही मंदावते.

लक्ष गुंतवण्याच्या रीती इथे जुन्या आहेत. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या या गावात लिंगायत घरांतून इष्टलिंगपूजा चालते : लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर स्थिर करायची आणि मंत्र म्हणायचा. डोळे, हात आणि वाणी एकाच वेळी गुंततात. वारकरी घरांत हेच काम हरिपाठ करतो. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी पायी फिरणारेही बरेच. मोबाइल कानाला लावून घातलेल्या फेऱ्या मात्र यात धरू नयेत.

ज्वारीची भाकरी थापणे हा सर्वांत कमी लेखलेला उपाय. या पिठात ग्लूटेन (गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारे प्रथिन) नसल्याने ते स्वतःहून धरून राहत नाही. गरम पाण्यात भिजवून तळहाताने रगडून एकजीव करावे लागते. परातीत थापताना भाकरी फिरवत न्यायची. लक्ष ढळले की कड चिरते. तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात फिरवायला उशीर झाला की ती तडकते. सोलापूरची पातळ कडक भाकरी तर आणखी नखरेल.

विडी वळण्याचे उलटे आहे. शहराच्या पूर्व भागात बायका मांडीवर सूप घेऊन वळत बसतात. मजुरी हजारामागे मिळते. सरावलेल्या हातांना लक्ष फारसे लागत नाही आणि मोकळे मन घरखर्चाचे गणित मांडत राहते. हाताला काम दिले की मन शांत होते, हे सरसकट खरे नाही. कामाने लक्ष मागितले पाहिजे. शेजारणीशी गप्पा चालू असल्या तर गोष्ट वेगळी.

या रीतींना मर्यादा आहेत. कर्जाचा हप्ता थकला असेल तर दीर्घ श्वासाने तो फिटत नाही. तिथे बँकेत जाऊन बोलणेच उपयोगी. झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना विनाविलंब भेटावे. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ पासूनची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असून तिथे मराठीतूनही बोलता येते.