पत्त्यांची यादी बदलते, नोंद बदलत नाही

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात ‘सर्व्हर रूम’ म्हणजे बहुतेकदा अकाउंट्सच्या केबिनमागचं एक कपाट असतं. एक-दोन सर्व्हर, एक फायरवॉल (बाहेरून येणारी ये-जा तपासून अडवणारं उपकरण), यूपीएस आणि चोवीस तास चालणारा एसी. ऑफिस बंद असतानाही या कपाटात लिखाण चालू असतं: पहाटे ३ वाजून १२ मिनिटं ७ सेकंद, ‘रूट’ (म्हणजे यंत्राचा मुख्य चालक) या नावाने लॉगिनचा प्रयत्न, पासवर्ड चुकीचा, समोरच्या यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, २०३.०.११३.४५. पुढच्या सेकंदाला जवळपास तशीच दुसरी ओळ. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वयंचलित प्रोग्राम असे चाचपून बघत असतात. कारखाना नाशिकचा आहे की नागपूरचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. (इथे दिलेला पत्ता कुणाचाही नाही. २०३.०.११३ ने सुरू होणारे २५६ पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत.)

या ओळींना लॉग म्हणतात. लॉग लिहिण्याची आज सगळीकडे रुळलेली पद्धत, सिसलॉग, १९८०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी बनवली. ते सेंडमेल हा ईमेल पोचवणारा प्रोग्राम लिहीत होते आणि त्याच्या नोंदींसाठी त्यांना काहीतरी सोय हवी होती. सिसलॉगमध्ये प्रत्येक नोंदीला गांभीर्याचा आकडा असतो. ० म्हणजे यंत्रणा कोलमडली, ७ म्हणजे प्रोग्रामरने स्वतःसाठी लिहिलेली बारीकसारीक टिपणं. हा आकडा बघून नोंदी वेगळ्या काढणं सोपं आहे, आणि बरेच जण तिथेच थांबतात.

पण काय घडलं एवढंच हा आकडा सांगतो. कोणी केलं, हे त्यातून कळत नाही. चुकलेल्या पासवर्डची नोंद साधारणपणे ६ क्रमांकात, म्हणजे ‘माहितीसाठी’ या वर्गात पडते. मालकाने गंगापूर रोडवरच्या घरून पासवर्ड चुकवला तरी ६, आणि कुणी अनोळखी प्रोग्रामने हजारावा प्रयत्न केला तरी ६च. दोघांत फरक करायचा तर पत्ता बघावा लागतो, आणि पत्ता बघायचा तर हाताशी यादी लागते: आपले कोण, नजर ठेवण्यासारखे कोण, आणि ज्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल असे कोण.

पहिला प्रयत्न सगळे सारखाच करतात. फिल्टरच्या नियमातच पत्ता मजकूर म्हणून लिहून टाकतात. ज्या ओळीत ‘२०३.०.११३.४’ दिसेल ती बाजूला काढ. हा नियम २०३.०.११३.४५ लाही पकडतो आणि २०३.०.११३.४१ लाही, कारण ती अक्षरं त्यांच्यातही जशीच्या तशी आहेत. मजकूर शोधण्याच्या ज्या भाषेत असे नियम लिहितात, तिच्यात टिंबाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’ असा होतो, त्यामुळे आणखी भलतंच काही अडकू शकतं. तोच पत्ता नव्या पद्धतीच्या वेशातही येतो. आयपीव्ही-६ ही पत्त्यांची नवी, लांब पद्धत वापरणारे काही प्रोग्राम जुना पत्ता ‘::एफएफएफएफ:२०३.०.११३.४५’ असा लिहितात. यंत्र तेच, पण अक्षरं जुळत नाहीत आणि नोंद फिल्टरमधून सटकते. काही जुने प्रोग्राम तर सुरुवातीला शून्य दिसलं की आकडा दहाऐवजी आठ पायाच्या पद्धतीतला मानतात, म्हणजे ०१० चे त्यांच्या लेखी ८ होतात.

या सगळ्या कटकटीचं मूळ एकच आहे. आयपी पत्ता हा मजकूर नाहीच, तो एक संख्या आहे. आयपीव्ही-४चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, पत्ता ही ३२ बिटांची (३२ शून्य-एकांची) संख्या, आणि चार भाग व तीन टिंबं ही फक्त माणसांसाठी केलेली सोय. २०३.०.११३.४५ म्हणजे ३,४०,५८,०३,८२१. असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊ शकतात. फिल्टरने आधी अक्षरांची संख्या करावी आणि मगच तुलना करावी. सिसलॉगच्या नोंदी घेणाऱ्या प्रोग्रामांपैकी आरसिसलॉगमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, सिसलॉग-एनजीमध्ये पत्त्यांच्या पट्ट्यावर, म्हणजे सलग पत्त्यांच्या गटावर, चालणारा वेगळा फिल्टर आहे. तरीही मजकूर शोधणारे नियम जागोजागी दिसतात, कारण चाचणीत ते चालतात.

आता वेगाचं गणित बघू. समजा फायरवॉल आणि सर्व्हर मिळून सेकंदाला २०० नोंदी येतात आणि यादीत ५०,००० पत्ते आहेत. प्रत्येक नोंद यादीतल्या प्रत्येक पत्त्याशी ताडून पाहिली तर सेकंदाला १ कोटी तुलना होतात. यादी क्रमाने लावली आणि दर वेळी मधोमध बघून नको तो अर्धा भाग टाकून दिला, तर एका नोंदीला फार तर १६ तुलना पुरतात. पण प्रत्यक्षातल्या यादीत सुटे पत्ते कमी आणि पट्टेच जास्त असतात. ‘२०३.०.११३.०/२४’ याचा अर्थ पहिले २४ बिट जुळले की झालं, उरलेले ८ काहीही असोत. शिवाय एका पट्ट्याच्या पोटात दुसरा पट्टा असतो. १,०२४ पत्त्यांचा पट्टा संशयित, पण त्यातलाच एक पत्ता आपल्या पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याचा.

पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला; ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, आणि संस्कृतात कविताही करणारे. ४२२००७ सातपूर, ४२२००३ पंचवटी, ४२२१०१ नाशिकरोड. दूरच्या राज्यात पत्रांची छाननी करणाऱ्याला शेवटचे तीन आकडे वाचायची गरज नसते. ४ दिसला की पत्र या बाजूला, ४२२ दिसलं की नाशिकच्या थैलीत. आयपी पत्त्याचंही असंच, फक्त इथे दहाऐवजी दोनच आकडे, ० आणि १. पहिला बिट ० असेल तर डावीकडे, १ असेल तर उजवीकडे, मग दुसरा बिट, मग तिसरा. अशा फांद्या फुटत गेलेल्या रचनेला ट्राय म्हणतात. वाटेतली एकेरी फांद्यांची लांबलचक ओळ आखडून टाकणारा तिचा एक प्रकार डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ मध्ये मांडला, तो पॅट्रिशिया म्हणून ओळखला जातो.

मला या रचनेत सगळ्यात आवडतं ते हे, की यादी ५०,००० ची असो वा ५० लाखांची, आयपीव्ही-४ च्या पत्त्याला ३२ पेक्षा जास्त पावलं कधीच लागत नाहीत. आयपीव्ही-६ ला १२८. पावलं ठरतात ती पत्त्याच्या लांबीवर, यादीच्या लांबीवर नाही. पट्ट्यातल्या पट्ट्याचा प्रश्नही इथे आपोआप सुटतो: खाली उतरताना जी शेवटची, म्हणजे सगळ्यात लांबवर जुळणारी खूण भेटेल ती खरी. संशयित पट्ट्यातला पुणेकर सुखरूप बाहेर येतो. इंटरनेटवरचे राउटर पुढचा रस्ता निवडताना हाच नियम वापरतात.

इथपर्यंतचं सगळं यादी स्थिर आहे असं धरून झालं. ती स्थिर नसते. पावसाळ्यात लाइट जाते, मालकाच्या घरचा राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि ब्रॉडबँड कंपनी त्याला वेगळा पत्ता देऊ शकते. पिंपळगावच्या डेपोत नवं कनेक्शन येतं. धोकादायक पत्त्यांच्या ज्या याद्या बाहेरून मिळतात, त्यांतल्या काही तर दर तासाला ताज्या होतात. दर वेळी नियमांची फाइल उघडून आत पत्ते कोंबत बसलं, तर एक दिवस एखादा स्वल्पविराम सुटतो आणि लॉग घेणारा प्रोग्राम सुरूच होत नाही. म्हणून नियम एकीकडे आणि यादी दुसरीकडे. नियम एवढंच म्हणतो: ‘यादीत बघ, जे उत्तर येईल तसं कर.’ आरसिसलॉगच्या लुकअप टेबलांचं तत्त्व हेच आहे. प्रोग्रामला ठरावीक इशारा दिला की तो न थांबता यादी पुन्हा वाचतो.

यादी बदलण्याचा तो क्षण मात्र नाजूक असतो. फाइल अर्धी लिहून झाली असताना ती वाचली गेली, तर उरलेले पत्ते काही काळ नाहीसे होतात. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: नवी यादी वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची आणि मग तिला जुन्या यादीचं नाव द्यायचं. युनिक्स पद्धतीच्या यंत्रणेत, एकाच डिस्क विभागावर, हे नामांतर अखंड असतं. वाचणाऱ्याला जुनी यादी दिसेल नाहीतर नवी, मधलं काहीच दिसणार नाही. मेमरीतही असंच करतात. नवी रचना बाजूला उभी करायची आणि तयार झाली की एका झटक्यात तिच्याकडे बोट वळवायचं.

माझ्या मते खरी भीती अर्ध्या यादीची नाही, रिकाम्या यादीची आहे. इंटरनेट तुटलं, डाउनलोड फसलं, शून्य ओळींची फाइल आली. प्रोग्रामच्या दृष्टीने तीही नीटनेटकी, वैध यादीच. तो ती निमूटपणे स्वीकारतो आणि त्या क्षणापासून संशयित असा कुणीच उरत नाही. लॉग स्वच्छ, सगळे खूश. नवी यादी जुनीच्या अर्ध्याहून लहान असेल तर ती लावू नये आणि कुणालातरी मेसेज जावा, ही चार ओळींची तपासणी कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त कामाची आहे.

यादीतून नाव काढणंही घालण्याइतकंच महत्त्वाचं. पत्ता म्हणजे माणूस नव्हे. आज ज्या पत्त्यावरून त्रास झाला, तो उद्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेला असेल. म्हणून नोंदीला वय द्यावं लागतं. वारंवार पासवर्ड चुकवणाऱ्या पत्त्यांना अडवणारा फेल-टू-बॅन हा प्रोग्राम त्याच्या मूळ मांडणीत १० मिनिटांपुरतीच बंदी घालतो, ती उगाच नाही. मोबाइलच्या बाबतीत तर एकच पत्ता एकाच वेळी शेकडो जणांचा असू शकतो. आयपीव्ही-४ चे पत्ते अपुरे पडल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एका पत्त्याआड ठेवतात. अशा आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनचे ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते राखून ठेवले गेले.

२०२७ च्या सिंहस्थात याचा प्रत्यय नाशिकमधल्या लॉज आणि गाड्यांचं बुकिंग घेणाऱ्या साइटना येऊ शकतो. पर्वणीच्या आदल्या रात्री लाखो फोन एकाच शहरात, आणि सर्व्हरला ते मोजक्या पत्त्यांवरून आलेले दिसणार. ‘एका पत्त्यावरून मिनिटाला इतक्याहून जास्त विनंत्या आल्या की संशयित’ हा एरवीचा नियम त्या रात्री रामकुंडाकडे निघालेल्या भाविकांनाच यादीत टाकेल. अशा वेळी पत्त्यासोबत पोर्टचा आकडाही (त्या पत्त्याआडची नेमकी जोडणी सांगणारा क्रमांक) नोंदवलेला असला, तर निदान मोबाइल कंपनीला तिच्या नोंदींवरून नेमका ग्राहक ओळखता येतो. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०११ मध्येच तसा सल्ला दिला आहे. तो फारसा पाळला जात नाही, कारण बऱ्याच सर्व्हरच्या मूळ मांडणीत पोर्ट लिहिला जात नाही आणि मूळ मांडणी बदलायच्या फंदात कुणी पडत नाही.

यावरून एक गोष्ट ठरते. यादी जर तासातासाला बदलणार असेल, तर तिच्या भरवशावर नोंद पुसून टाकणं धोक्याचं. फिल्टरने नोंद फेकू नये, तिच्यावर खूण करावी: ‘संशयित’, ‘आपला’, ‘अनोळखी’. पडद्यावर काय दाखवायचं ते खुणेवरून ठरवा, पण मूळ ओळ जपून ठेवा. खुणेसोबत ती कोणत्या यादीने केली हेही लिहा, म्हणजे यादीची तारीख-वेळ किंवा आवृत्तीचा क्रमांक. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की त्या पहाटे ही ओळ लाल का झाली नाही, तर आजची यादी बघून त्याचं उत्तर मिळत नाही. त्या पहाटेची यादी लागते.

वेळही चोख हवी. सिसलॉगच्या जुन्या ढंगात वर्षच लिहिलेलं नसतं, नुसता महिना, तारीख आणि वेळ असते, आणि वेळ कोणत्या देशाची तेही कळत नाही. परदेशी सर्व्हरची नोंद जागतिक वेळेत आणि फायरवॉलची भारतीय वेळेत असेल, तर एकच घटना साडेपाच तासांच्या अंतराने दोनदा घडल्यासारखी दिसते. सिसलॉगच्या २००९ च्या मानकात वर्ष आणि वेळेचा फरक दोन्ही आले. जुना ढंग मात्र अजून अनेक उपकरणांत आहे.

नोंदी जपण्याचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. जागा किती लागेल? सेकंदाला २०० नोंदी म्हणजे दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार, आणि १८० दिवसांत ३ अब्ज ११ कोटींच्या वर. एक ओळ १५० बाइटची धरली तर साधारण ४६७ जीबी. लॉगमध्ये तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने झिप केल्यावर ते बहुधा दहाव्या हिश्शावर येतात. एका साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावतील.

जपलेल्या लॉगचा खरा उपयोग उलट दिशेने होतो. आज बाहेरच्या यादीत एक नवा पत्ता आला, म्हणजे तो वाईट असल्याचं जगाला आज कळलं. तो आपल्याकडे तीन महिन्यांपूर्वीच येऊन गेला असेल, आणि तेव्हा त्याच्यावर ‘अनोळखी’ अशी खूण पडली असेल. चाळत बसलं तर त्यासाठी ३ अब्ज ओळी वाचाव्या लागतील. त्याऐवजी रोज मध्यरात्री त्या दिवशी आलेल्या वेगवेगळ्या पत्त्यांची एक छोटी फाइल काढून ठेवायची, प्रत्येक पत्ता एकदाच. यादीत नवं नाव आलं की ते या १८० छोट्या फाइलींत शोधायचं, आणि जिथे जुळेल तेवढ्याच दिवसाचा पूर्ण लॉग उघडायचा. तिथे पासवर्ड चुकल्याच्याच ओळी असतील तर ठीक. त्यांच्यानंतर एक बरोबर पासवर्डची ओळ असेल, तर सर्ट-इनला कळवण्याचे ६ तास मोजायला घ्यायचे.