घोट्याएवढ्या ज्वाळा आणि महावृक्ष

2024 साली उष्ण कटिबंधातलं सुमारे 67 लाख हेक्टर मूळ वर्षावन नष्ट झालं. त्यातलं जवळपास निम्मं आगीने गेलं. अशा बातमीमागोमाग दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘पृथ्वीची फुप्फुसं जळाली, 20 टक्के ऑक्सिजन गेला.’ हे खोटं आहे. अ‍ॅमेझॉनचं जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळपास तेवढाच तिथली झाडं आणि पाचोळा कुजवणारे जीव वापरून टाकतात. दुसरं वाक्य, ‘फांदीवर फांदी घासली की वणवा लागतोच.’ ओल्या फांद्या कितीही घासा, काही होत नाही. वीज पडते, पण ती बहुधा पाऊस घेऊनच येते. वर्षावनात काडी लावतो तो माणूस: पावसाळा संपताना झाडं पाडायची, दोन-तीन महिने उन्हात वाळू द्यायची आणि मग पेटवायची.

पण पेटवलेली आग शेजारच्या उभ्या जंगलात शिरेल की नाही, हे पाचोळ्यातल्या ओलाव्यावर ठरतं. पानांचं छत अखंड असेल तर खाली ऊन पोचत नाही, वारा नसतो, हवा दमट राहते. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर असेल तर पाचोळा धुमसून विझतो. पूर्व अ‍ॅमेझॉनमधल्या पारागोमिनास भागातली मोजमापं 1990 साली प्रसिद्ध झाली. पाऊस थांबल्यावर कुरण एका दिवसात पेटण्याइतकं कोरडं होई. मोजकीच मोठी झाडं कापून नेलेलं जंगल पाच-सहा दिवसांत. अखंड जंगल मात्र महिनाभर पाऊस नसला तरी पेट घेत नव्हतं. हवामान तेच, फरक फक्त छताला पडलेल्या भोकांचा.

हवामानही ते भोक पाडू शकतं. तिथल्या झाडांची मुळं आठ मीटरच्याही खाली जातात, म्हणून नेहमीचा कोरडा हंगाम ती हिरवीगार काढतात. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून इथला पाऊस तुटतो तेव्हा, खोलवरचं पाणीही संपलं की झाडं पानं झाडतात. छत विरळ होतं आणि खाली सरपण वाढतं, दोन्ही एकदम. 1998 च्या सुरुवातीला ब्राझीलच्या रोराइमा राज्यात शेतातल्या आगी अशाच उभ्या जंगलात घुसल्या.

पहिल्यांदा शिरलेली आग पाहिली तर हसू येईल. ज्वाळा 10 ते 30 सेंटिमीटर, वेग मिनिटाला साधारण 25 सेंटिमीटर. सहज ओलांडून जाता येईल अशी ही रेघ. पण तिचा संथपणाच घातक आहे. झाड मरतं ते सालीखालचा कँबियम, म्हणजे खोडाची जाडी वाढवणारा पेशींचा पातळ थर, 60 अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की. उष्णता सालीतून आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ सूत्र असं: मिनिटं = 2.9 × जाडीचा (सेंटिमीटरमध्ये) वर्ग. दोन सेंटिमीटर सालीला सुमारे साडेअकरा मिनिटं, एक सेंटिमीटरला तीन, अर्ध्या सेंटिमीटरला 43 सेकंद. आता ज्वाळांचा पट्टा 25 सेंटिमीटर रुंद धरा. खोडाचा एकेक बिंदू मिनिटभर आगीत राहतो. पातळ सालीचं झाड संपलं, जाड सालीचं वाचलं. सव्हानातल्या, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातल्या, झाडांनी आगीसोबत वाढताना जाड साल कमावली आहे. वर्षावनातल्या बहुतेकांची साल सेंटिमीटरभरही नसते. चाळीस मीटर उंच झाड घोट्याएवढ्या ज्वाळेने मरतं ते असं, आणि लगेच नाही, कधीकधी दोन-तीन वर्षांनी कोसळतं.

कोसळलं की छताला मोठं भोक आणि खाली वाळकं लाकूड. म्हणून दुसरी आग उंच, वेगवान असते आणि पहिलीतून वाचलेल्या जाड सालीच्या झाडांनाही सोडत नाही. मोकळ्या जागेत गवत शिरलं की ती जागा कुरणासारखीच पेटू लागते.

पहिली आग अडवणं सोपं आहे. पाचोळा ओढून मीटरभर रुंद पट्टी उघड्या मातीपर्यंत साफ केली की पुरतं. घोटाळा होतो तो एखादा धुमसता ओंडका पट्टीवर आडवा पडल्याने, किंवा वरून नवी पानं गळून पट्टी झाकली गेल्याने. शिवाय दाट छताखालची ही आग उपग्रहाला नीट दिसत नाही, त्यामुळे माणसं पोचतात तोवर ती लांब गेलेली असते.

इंडोनेशियातल्या पीटच्या जमिनीत तर पट्टीही कामाची नाही. पीट म्हणजे पाण्याखाली न कुजता साचलेला वनस्पतींचा थर, काही ठिकाणी दहा मीटरहून जाड. 1990 च्या दशकात मध्य कालिमंतानमध्ये भातशेतीसाठी दहा लाख हेक्टरच्या प्रकल्पात हजारो किलोमीटर कालवे खणले, पाणी वाहून गेलं, भात काही पिकला नाही. 1997 च्या एल निनोत तो सुकलेला थर जमिनीखाली महिनोन्‌महिने जळत राहिला. वरून पाणी मारून तो विझत नाही. भूजल वर यावं लागतं. म्हणून आता तिथे कालव्यांना बांध घालतात, आणि लागवडीखालच्या पीटमध्ये पाण्याची पातळी जमिनीपासून 40 सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही, असा सरकारी नियम आहे.