तोंडावरून भाव ओळखणं

ओठ, ओठांचे कोपरे, हनुवटी आणि जबडा कसे हलतात ते बघून माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणं, याला तोंडावरून भाव ओळखणं म्हणतात. देहबोलीचाच हा एक भाग, आणि सगळेच जण तो दिवसभर वापरतात. बाळाने ओठ काढले की आई ते रडायच्या आत उचलून घेते, घरात कोणी तोंड पाडून बसलं की न विचारता कळतं काहीतरी बिनसलंय. पण खाताना बोलताना सतत वापरात असल्याने तोंड आपल्या चांगलंच ताब्यात असतं, म्हणजे भाव लपवायलाही तेच आधी कामाला येतं, त्यामुळे नुसतं तोंड बघून निष्कर्ष काढला की चुकायला होतंच.

ओठांना वेढणारा एक गोल स्नायू असतो आणि बाकीचे बारीक स्नायू चहूबाजूंनी येऊन तिथे जोडलेले असतात. गालाच्या हाडावरून येणारा स्नायू ओठाचा कोपरा वर खेचतो तेव्हा हसू दिसतं, खालून येणारा कोपरा खाली ओढतो तेव्हा उदास वाटतं. रडू दाबणाऱ्या माणसाची हनुवटी जवळून बघा, तिथला स्नायू खालचा ओठ वर ढकलतो, कातडीवर बारीक खळगे पडतात आणि ती थरथरायला लागते, ओठ कितीही घट्ट मिटले तरी हे थांबवणं फार अवघड जातं. या सगळ्या स्नायूंना हलवणारी चेहऱ्याची नस एकच (मेंदूतून निघणारी सातवी), पण मेंदूतून तिच्यापर्यंत हुकूम येण्याचे रस्ते दोन आहेत. म्हणून पक्षाघाताच्या काही पेशंटना डॉक्टरांनी "दात दाखवा" म्हटलं की तोंडाची एक बाजू हलत नाही, आणि तोच माणूस कोणी विनोद केला की दोन्ही बाजूंनी छान हसतो! मुद्दाम केलेलं हसू आणि आपोआप आलेलं हसू वेगळं असतं याचा इतका सरळ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

हा फरक फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन याने १८६२ च्या पुस्तकात फोटोंसकट मांडला होता. त्याने एका दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर विजेचे हलके झटके देऊन एकेक स्नायू हलवून बघितला, त्या माणसाच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली असल्याने त्याला दुखत नव्हतं. विजेने ओठ हसरे झाले पण चेहरा आनंदी दिसेना, कारण डोळ्याभोवतीचा स्नायू गप्पच होता. मात्र डोळे बारीक करून हसणं काही लोकांना ठरवूनही जमतं हे पुढे दिसून आलं, तेव्हा ही खूण चांगली असली तरी पक्की नाही.

आपल्याकडे नाट्यशास्त्रात याहून कितीतरी आधी नुसत्या खालच्या ओठाच्या सहा क्रिया सांगून ठेवल्यात, त्यात ओठ थरथरणं भीती, थंडी, वेदना, राग अशा बऱ्याच ठिकाणी येतं आणि दातांनी ओठ चावणं रागासाठी. हसण्याचेही स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार आहेत, पैकी स्मितात दात दिसायचे नाहीत, हसितात किंचित दिसायचे. हे नटासाठी लिहिलेलं आहे, प्रेक्षकाला भाव कळावा म्हणून, त्यामुळे रोजच्या माणसाला तसंच्या तसं लावता येत नाही.

१९७८ मध्ये अमेरिकेत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिसन यांनी चेहऱ्याच्या हालचालींना नंबर देणारी पद्धत काढली, त्यात १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर, १५ म्हणजे खाली, २४ म्हणजे ओठ एकमेकांवर दाबणं. नंबर फक्त हालचाल सांगतो, भावना नाही, आणि लोक नेमकं हेच विसरतात. ओठ दाबलेला माणूस चिडलेला असेल, विचारात असेल किंवा नुसतं बोलणं आवरत असेल. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, त्यात दिसलं की राग आला तरी माणसं ठरीव रागीट चेहरा सरासरी ३० टक्के वेळाच करतात. खोटं ओळखण्याचं तर विचारूच नका, २००६ च्या एका मोठ्या आढाव्यात लोकांचे अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर आले, म्हणजे छापा-काटा केल्यापेक्षा थोडंसंच बरं.

त्यामुळे त्या माणसाचं तोंड एरवी कसं असतं ते आधी माहीत हवं, मग कोणत्या प्रश्नाला ते बदललं ते बघायचं, जोडीला डोळे, खांदे, आवाज. पार्किन्सन्सच्या पेशंटबाबत तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्या आजारात चेहऱ्याचे स्नायू हळू आणि कमी हलतात, माणूस आतून आनंदात असला तरी तोंडावर काहीच उमटत नाही आणि घरच्यांना वाटतं यांना कशातच रस उरला नाही. तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र तोंड खूप उपयोगी पडतं, त्यांना बोलता येत नाही, म्हणून त्यांची वेदना मोजायच्या पद्धतींत उघडे ओठ, ताणलेली जीभ, थरथरती हनुवटी असल्या खुणा धरतात.

आता हेच काम कॅमेरा आणि सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचा प्रयत्न चालू आहे. युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२५ पासून ऑफिसात आणि शाळा-कॉलेजात लोकांच्या भावना अशा सॉफ्टवेअरने ओळखायला बंदी घातली आहे, सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांसाठी.