पार्श्वभूमी : कॉर्टिसोलची थोडीशी उणीव आणि वऱ्हाडातली ‘पुडी’

आमच्याकडे थकव्याची कारणं आधीच ठरलेली असतात. बाई असली तर अंगात रक्त कमी, गडचिरोलीकडची असली तर सिकलसेल हा रक्ताचा आजार, म्हातारा असला तर वय आणि मे महिन्यात कोणीही असलं तर ऊन. बरेचदा यातलंच एखादं खरं निघतं, त्यामुळे पुढे कोणी पाहत नाही. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या, प्रत्येकी जेमतेम ४-५ ग्रॅमच्या अधिवृक्क ग्रंथी तर कोणाच्या ध्यानीमनीही नसतात.

या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक (हार्मोन) बनवतात. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी साखर खाली येऊ न देणं, ताप-जुलाब-ऑपरेशन अशा संकटात शरीर सावरून धरणं ही त्याची कामं. ते पूर्ण संपलं तर माणूस दगावतो. थोडं कमी पडलं तर रोजचा दिवस कसाबसा निघतो: उठल्यावर गरगरतं, भूक मरते, वजन उतरतं, मळमळतं. अशी तक्रार कोणत्याही ओपीडीत रोज पन्नास जण सांगतात, आणि गोची तिथेच आहे.

सोळाव्या शतकात इटलीच्या युस्ताकीने या ग्रंथींचं वर्णन केलं, पण त्या करतात काय हे पुढची जवळपास ३०० वर्षं कोणाला उमगलं नाही. १८५५ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी ११ रोग्यांची हकीकत छापली. गळून गेलेलं अंग, क्षीण नाडी, ओकाऱ्या आणि काळवंडत जाणारी कातडी. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी खराब झालेल्या दिसल्या आणि त्यातल्या बऱ्याच क्षयाने पोखरलेल्या होत्या. क्षयाचा जंतू कॉखने जगापुढे मांडला तो १८८२ मध्ये, म्हणजे ॲडिसनने परिणाम आधी पाहिला, गुन्हेगार नंतर सापडला. १८५६ मध्ये ब्राऊन-सेकार या संशोधकांनी जनावरांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. जनावरं मेली. ग्रंथी शोभेच्या नाहीत एवढं तेव्हा पक्कं झालं.

या इतिहासाचा एक तोटा झाला, असं मला वाटतं. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो मेलेल्यांमध्ये, त्यामुळे वैद्यकाची नजर शेवटच्या टप्प्यावरच बसली. ग्रंथींचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग निकामी होईपर्यंत ठसठशीत लक्षणं दिसत नाहीत. त्याच्या अलीकडचा माणूस वखरणी-निंदण करतो, लग्नाला जातो आणि एखाद्या तापात किंवा ऑपरेशनमध्ये अचानक कोसळतो.

विदर्भात क्षय अजून गेलेला नाही, म्हणून ॲडिसनची गोष्ट आपल्यासाठी जुनी झालेली नाही. त्यात एक मेख आहे. क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसोल भराभर मोडायला लावतं. ज्याच्या ग्रंथी आधीच अर्ध्यामुर्ध्या आहेत त्याला औषध सुरू झाल्यावर जास्तच अशक्तपणा येऊ शकतो आणि घरचे म्हणतात, गोळ्या गरम पडल्या. काळवंडण्याचंही तसंच. शेतात राबणारा माणूस काळा पडला तर त्यात नवल ते काय? पण हिरड्यांवर, तळहाताच्या रेषांत, जुन्या जखमेच्या वणावर काळेपणा आला असेल तर तो उन्हाचा नसतो. हिरड्यांना ऊन लागत नाही.

क्षय ही कॉर्टिसोल कमी पडण्याची एक वाट. दुसरी वाट मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येते, कारण अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावणारा हुकूम तिथून सुटतो. गरोदरपणात पियुषिका फुगते. बाळंतपणात रक्त फार गेलं की तिचाच पुरवठा तुटतो आणि ती सुकते. शीहान या डॉक्टरांनी १९३७ मध्ये हे मांडलं आणि आजाराला त्यांचंच नाव मिळालं. प्रगत देशांत तो आता दुर्मीळ आहे, भारतात मात्र तितका दुर्मीळ नाही. याची खूण घरातल्या जुन्या बायांना माहीत असते, फक्त ती आजाराची खूण आहे हे माहीत नसतं: बाळंतीण पांढरीफटक पडली, दूध उतरलंच नाही, पाळी परत आली नाही. लोक म्हणतात, कोणाची नजर लागली. पुढची कित्येक वर्षं ती बाई थकलेली, थंडी न सोसणारी, सदा आजारी म्हणून ओळखली जाते. इथे कातडी काळवंडत नाही, उलट फिकी पडते, म्हणून ॲडिसनचं वर्णन पाठ केलेला डॉक्टरही चकतो. थायरॉइड कमी दिसलं म्हणून नुसती थायरॉइडची गोळी दिली तर उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी लवकर खर्च होतं आणि बाई अत्यवस्थ होऊ शकते. आधी कॉर्टिसोल, मग थायरॉइड, हा क्रम मोडायचा नसतो.

घोणस, जिला आमच्याकडे परड म्हणतात, हीच पियुषिका वेगळ्या रीतीने मारते. विषाने रक्तात बारीक गुठळ्या होतात, रक्तस्रावही होतो. अशा दंशानंतर पियुषिका निकामी झालेले रोगी ब्रह्मदेशातल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात नोंदवले, दक्षिण भारतातही ते सापडले. कापसाच्या वावरात परड चावून वाचलेला माणूस घरी आला की गोष्ट संपली असं सगळे धरून चालतात. वर्षभराने त्याची दाढी विरळ झाली, अंगात जोर राहिला नाही, तर तो धागा जुन्या दंशापर्यंत कोण नेणार?

तिसरी वाट आपण स्वतःच तयार केली आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलचंच भावंड असलेलं स्टेरॉइड, टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या संशोधकांना या कामासाठी नोबेल मिळालं. त्यानंतर दोनच वर्षांत वैद्यकीय नियतकालिकात इशारा आला: कॉर्टिसोन घेत असलेला एक रोगी ऑपरेशननंतर शॉकमध्ये जाऊन दगावला होता, त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसल्या होत्या. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर कारखाना बंद पडला होता.

मावशीची पुडी मी उघडून पाहिली आहे. जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेल्या तीन गोळ्या: एक पिवळी, एक केशरी आणि एक अगदी बारकी पांढरी. गुडघ्यासाठी चार वर्षं घेत होती, गावात मोटारसायकलवर येणाऱ्या एका बोगस डॉक्टरकडून. “पुडी घेतली की अंग कसं मोकळं होते. नाही घेतली त उठवत नाही,” असं ती सांगायची आणि तेच त्या डॉक्टरच्या हातगुणाचं प्रमाणपत्र ठरायचं. बारकी पांढरी स्टेरॉइडची होती. चेहरा गोल झाला तेव्हा ‘तब्येत सुधारली’ म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मग तो माणूस यायचा बंद झाला, पुडी सुटली आणि आठ दिवसांत मावशी बाजेवरून उठेना.

स्टेरॉइड काही आठवड्यांपेक्षा जास्त पोटात जात राहिलं की पियुषिकेचा हुकूम थांबतो. एकदम बंद केलं की आतलं कॉर्टिसोल लगेच परतत नाही, कधी महिने लागतात, कधी वर्ष.

इंटरनेटवर ‘ॲड्रिनल फटीग’, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचा थकवा, या नावाचं जे चालतं ते वेगळं. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या जेफ्रीज नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून सौम्य उणिवेला बारीक डोसात कॉर्टिसोल द्यावं असा आग्रह धरला. ॲलर्जीपासून जुनाट थकव्यापर्यंत बरंच काही त्यांनी या उणिवेशी जोडलं. १९९८ पासून ताणाने ग्रंथी ‘थकतात’ ही कल्पना पसरली. २०१६ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ५८ अभ्यास चाळले, पण अशा आजाराला भक्कम पुरावा सापडला नाही. मला राग येतो तो याचा की पुरावा नसलेल्या थकव्याचं चूर्ण ऑनलाइन खपतं आणि क्षय, बाळंतपण, परड, पुडी या चार ठोस कारणांची विचारणा मात्र तपासणीच्या टेबलावर होत नाही.

मावशीला तालुक्याच्या डॉक्टरांनी पुन्हा स्टेरॉइडच लिहून दिलं. प्रेडनिसोलोन नावाची गोळी, सकाळी चहानंतर, महिनोन्‌महिने थोडं थोडं कमी करत. “हेच त तो देत होता,” मावशी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. पुढे त्या दिवसाची गोळी घेण्याआधी सकाळी ८ वाजता रक्त द्यायला सांगितलं, कारण कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं, दुपारचा आकडा कामाचा नाही. आमच्या गावाहून पहिली एसटी साडेनऊला पोचते. म्हणून मावशी आदल्या संध्याकाळीच भाकरी बांधून निघाली आणि भाचीकडे मुक्कामाला गेली.