काळा आजार (मराठवाड्याच्या संदर्भात)

लेशमॅनिया डोनोव्हानी या एकपेशीय परजीवीमुळे होणारा आणि सँडफ्लाय (वाळूमाशी) चावल्याने पसरणारा दीर्घ मुदतीचा ताप. भारतात तो मुख्यतः बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेशात आढळतो. मराठवाड्यातला एकही जिल्हा या क्षेत्रात मोडत नाही. तरीही येथील डॉक्टरांना आणि आशाताईंना तो ओळखता यायलाच हवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत त्या राज्यांतले मजूर मोठ्या संख्येने काम करतात, आणि माशी चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते सहा महिने जातात. गाव सोडताना ठणठणीत असलेला माणूस इथे येऊन अंथरूण धरतो.

तपासणीत तापाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुग्णाचे मूळ गाव. दोन आठवड्यांहून जास्त ताप, मलेरियाची आणि टायफॉइडची औषधे देऊनही उतार नाही, हातपाय काटकुळे पण पोट फुगलेले, डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी वाढलेली पानथरी, रक्त कमी झालेले, त्वचा काळवंडलेली : एवढे दिसले आणि माणूस मुझफ्फरपूरकडचा निघाला, तर काळ्या आजाराचा विचार लगेच व्हायला हवा. उपचार न मिळालेले बहुतेक सर्व रुग्ण दगावतात. थेंबभर रक्तावर होणारी आरके-39 चाचणी काही मिनिटांत निकाल देते. मात्र बरे झाल्यावरही ती बराच काळ होकारार्थी येत राहते, म्हणून आजार उलटल्याची शंका असेल तर पानथरीतील किंवा अस्थिमज्जेतील नमुना तपासावा लागतो. रुग्णाला एचआयव्हीची लागण असल्यास आजार पुन्हा उलटण्याचा धोका बराच वाढतो.

सँडफ्लाय जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरची, केसाळ, भुरकट असते. बसताना पंख उभे धरते, गुणगुणत नाही, आणि उंच उडण्याऐवजी टुणटुण उड्या मारत भिंतीने सरकते. चावते ती मादी, बहुधा रात्री. भेगाळलेल्या मातीच्या भिंती, ओलसर गोठा, शेणामातीची जमीन ही तिची घरे. भारतात काळ्या आजाराचा परजीवी पसरवणारी तिची जात म्हणजे फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. काळ्या आजाराच्या भागात कीटकनाशकाची फवारणी भिंतीवर सुमारे सहा फुटांपर्यंतच करतात, ती या उडण्याच्या सवयीमुळे. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत भिंती सणासुदीला हौसेने सारवल्या जातात. पण फवारलेल्या भिंतीवर पोचारा फिरवला की औषध मातीखाली जाते आणि माशी वाचते. मलेरियाच्या फवारणीलाही हेच लागू आहे. मोठ्या छिद्रांच्या मच्छरदाणीतून ही माशी सहज आत शिरते.

सँडफ्लायच्या काही जाती महाराष्ट्रातही आहेत. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात 1965 मध्ये सापडलेला विषाणू तीच पसरवते. त्यामुळे होणारा मेंदूज्वर मुलांना काही तासांत अत्यवस्थ करू शकतो. काळ्या आजाराशी त्याची गल्लत करू नये.

विल्यम लेशमन आणि मद्रासमधील चार्ल्स डोनोव्हान यांनी 1903 मध्ये या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघांची नावे त्याला मिळाली. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920च्या सुमारास शोधलेल्या युरिया स्टिबामाइनने असंख्य जीव वाचवले. आज शिरेतून एकदाच दिले जाणारे लायपोसोमल अँफोटेरिसिन बी हा पहिला उपचार आहे. माणसाच्या स्पर्शाने, जेवणाने किंवा एका खोलीत राहिल्याने हा आजार लागत नाही, त्यामुळे अशा मजुराला वस्तीतून हुसकणे निव्वळ अन्याय आहे.

बरे झालेल्या काही जणांच्या अंगावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उठतात. कुष्ठरोग समजून त्यांच्यावर भलतेच उपचार होण्याची शक्यता असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर सहसा बधिरपणा असतो. इथे संवेदना शाबूत राहते. या रुग्णाला ताप नसतो, तो कामावर जातो, पण त्याच्या त्वचेत परजीवी असतात आणि माशी ते उचलू शकते. म्हणून चट्टे अंगाला त्रास देत नसले तरी त्यांच्यावर मिल्टेफोसिनचा बारा आठवड्यांचा उपचार दिला जातो.