बरण्या घेतल्यात, आता सॅलड भरायचं कसं?

आमच्याकडून बरण्या नेणारे बरेच जण आठवड्याभराने फोन करतात आणि तक्रार एकच असते, सॅलडला पाणी सुटलं, पानं काळी पडली. म्हणून आता प्रत्येक सेटसोबत हा कागद देतो. भरायच्या आधी एकदा वाचा, पाच मिनिटं लागतील.

सगळा खेळ मिठाचा आहे. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की अर्ध्या तासात वाटीत पाणी जमतं हे आपल्याला माहितीच आहे, मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. ताटात वाढायची असेल तेव्हा आपण मीठ ऐनवेळी घालतो, पण इथे सॅलड रात्री करून दुसऱ्या दिवशी दुपारी खायचंय, मग मीठ आणि पानं यांची भेट जेवायच्या वेळेपर्यंत होऊच द्यायची नाही. म्हणून मीठ, लिंबू, तेल हे सगळं तळाला आणि पानं अगदी वर, मधे बाकीची गर्दी.

५०० मिलीच्या बरणीचा आमचा नेहमीचा हिशोब सांगतो. तळाला एका लिंबाचा रस, दोन चमचे तेल, मीठ, जिरेपूड, चिमूटभर साखर, ठेचलेली मिरची, हे बरणीतच घालून चमच्याने फेटलं तरी चालतं. त्यावर ज्यांना आंबटात बुडून राहिलं तरी काही होत नाही ते, म्हणजे गाजर, मुळा, कांदा (कांदा तर उलट छान मुरतो). मग उकडलेले काबुली चणे, मक्याचे दाणे, हा थर जरा जाड घ्या कारण खालचा रस तोच अडवतो. मग पनीर. वर कोबी आणि कोथिंबीर, दाबून नाही पण गच्च, म्हणजे बरणी हलली तरी थर जागेवर राहतात. दाण्याचं कूट आत नको, ते ओल धरून लगदा होतं, छोट्या डबीत वेगळं न्या आणि खाताना घाला.

पानं कोरडी हवीत म्हणजे खरंच कोरडी हवीत. धुऊन, झटकून, सुती फडक्यावर पसरून पंख्याखाली ठेवा. महागडं लेट्यूस आणायची गरज नाही असं आमचं मत, आपला कोबी बारीक चिरलेला तीन दिवस कुरकुरीत राहतो, लेट्यूस त्याच्या आधीच मान टाकतं. टोमॅटो घालायचाच तर बिया काढून. काकडीही बिया काढून, आणि ती बरणी दोन दिवसांत संपवा. दह्याचं हवं असेल तर पातळ दही नको, फडक्यात बांधून पाणी काढलेलं घ्या, आणि हेही दोन दिवसच, पुढे आंबट होतं.

मोड आलेले मूग मटकी कच्चे भरू नका. मोड येताना जी ऊब आणि ओल लागते त्यात जंतूही वाढतात, त्यामुळे चांगली वाफ काढा आणि गार झाल्यावरच भरा. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला नीट शिजवलेला हवा, अर्धाकच्चा राजमा पोटाला फार त्रास देतो.

आता एक गैरसमज. काचेची बरणी, घट्ट झाकण, म्हणजे लोणच्यासारखं बाहेर टिकेल असं काही जणांना वाटतं. लोणचं टिकतं ते त्यातल्या मीठ, तेल आणि आंबटपणामुळे, बरणीमुळे नाही. सॅलड भरलं की लगेच फ्रिजमध्ये, ५ अंशाच्या खाली. बाहेर २ तासांपेक्षा जास्त नको आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर १ तासच धरा, म्हणजे लोकलने लांब जाणाऱ्यांनी थंड पिशवीत आईसपॅक टाकूनच न्यावं आणि ऑफिसला पोचल्यावर तिथल्या फ्रिजमध्ये ठेवावं. बरणी पिशवीत उभीच हवी, आडवी झाली की रस पानांपर्यंत पोचला आणि सगळी मेहनत गेली. काचेला काच लागू नये म्हणून स्वच्छ जुना मोजा चढवा, हसू नका, मस्त चालतो.

खाताना बरणीतच काटा खुपसत बसू नका, वर नुसती पानं आणि खाली नुसतं आंबट असं होतं. ताटलीत पालथी करा, रस आपोआप वरून पसरतो. ताटली नसेल तर भरतानाच वर दोन बोटं जागा ठेवा आणि झाकण लावून जोरात हलवा.

आमची काच साधी आहे, बोरोसिलिकेट नाही, किंमतीत तो फरक आहेच. त्यामुळे कडकडीत फोडणी थेट बरणीत ओतू नका, आधी गार करा, आणि फ्रिजमधून काढलेल्या बरणीत गरम पाणीही नको, तडा जातो. मायक्रोवेव्हमध्येही घालू नका, झाकण तर पत्र्याचं आहे. लिंबाचा रस पत्र्याला लागून राहिला तर गंज धरतो, म्हणून धुतल्यावर झाकण पुसून उघडं वाळवा. कांद्याचा वास रबरी रिंगमध्ये बसतो, तेव्हा रिंग काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा.

रिंग सैल पडली किंवा झाकण गंजलं तर नवीन बरणी घेऊ नका, दोन्ही सुटे मिळतात. येताना जुनं झाकण घेऊन या, माप त्यावरूनच कळतं.